अबू हमूरमधलं मालगुडी

भारतातल्या नातेवाइकांना दोहा म्हटलं की समुद्रकाठचे उंच काचेचे मनोरे आठवतात. फोटोंत तेच असतात ना! आम्ही राहतो ते अबू हमूर या फोटोंत कधी येत नाही. शहराच्या दक्षिणेला, सलवा रोडपासून आत शिरलं की हा भाग सुरू होतो. हामूर हा इथला लाडका मासा. 'अबू हमूर' या नावाचा आपल्या पद्धतीने अर्थ लावायचा तर 'हामूरवाला' असा काहीतरी होईल. समुद्र मात्र इथल्या एकाही गच्चीवरून दिसत नाही. दिसतात त्या वाळूच्या रंगाच्या भिंती, त्यांच्यावरून डोकावणारी बोगनवेल, पाण्याच्या टाक्या आणि रस्त्याकडेचे कडुलिंब. होय, कडुलिंब! आपल्याकडच्यासारखेच, फक्त मुळाशी ठिबकची काळी नळी. त्यांच्यावर साळुंक्या कलकलाट करत असतात. त्याही इथल्या नव्हेत, बाहेरून आल्या आणि इतक्या वाढल्या की सरकारला त्या पकडायची मोहीम काढावी लागली. आमच्या गल्लीत मूळचं इथलं असं फारसं कोणी नाहीच.

अबू हमूरला स्वतःचा म्हणून एक दिनक्रम आहे. पहाटे पाचनंतर शाळेच्या बसगाड्या सुरू होतात. एमईएससारख्या भारतीय शाळा याच भागात असल्याने सकाळी रस्त्यावर निम्मा केरळ आणि पाव महाराष्ट्र उभा असतो. साडेसातला सगळं शांत. मग बकाल्यासमोर, म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानासमोर, गाडीतूनच हॉर्न वाजवून करक चहा मागवणारे येतात. शुक्रवारी मात्र गर्दीची दिशाच बदलते. इथल्या धार्मिक संकुलात सगळे चर्च एका आवारात आहेत आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असल्याने रविवारची प्रार्थना शुक्रवारीही होते. गोव्याची, केरळची, फिलिपिन्सची माणसं इस्त्रीचे कपडे घालून मैलभर चालत जाताना दिसतात. दार अल सलाम मॉलचं पार्किंग, मशिदींची बांग, धोब्यांची दुकानं, एका व्हिलाचे चार-पाच भाग करून त्यात राहणारी आमच्यासारखी कुटुंबं, हे सगळं धरून अबू हमूर. सुंदर म्हणता येणार नाही. पण सकाळी आठ ते बारा या वेळात इथे बायकांचं राज्य असतं आणि आमचं वाचन त्याच राज्यात सुरू झालं.

माझ्या रहिवासी कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलेलं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं, सहा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, त्यामुळे समोर चार माणसं बसली की हातात खडू नसल्याची जाणीव होते खरी. मंडळाच्या गणपतीत बोलता बोलता ठरलं, की आपण पाचजणींनी मिळून एक पुस्तक नीट वाचायचं. नीट म्हणजे वर्गात वाचतात तसं. पान उघडून, वाक्यावर थांबून. व्हॉट्सॲपवर सारांश पाठवायचा नाही. आमच्यात एक पुण्याची, पूर्वी बँकेत असलेली; एक साताऱ्याची, जिच्या घरी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम; एक मडगावची, जिला आम्ही सगळ्या ताई म्हणतो; मी; आणि पाचवी, जिच्याबद्दल पुढे येईल. तिचं गाव, नाव इथे देत नाही. ती आता दोहात राहत नाही आणि हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे.

पुस्तक निवडलं आर. के. नारायण यांचं 'द गाईड'. कारण साधं होतं. माझ्याकडे एम.ए.ची जुनी प्रत होती, कडेला पेन्सिलीच्या टिपांनी भरलेली. बाकीच्या प्रती एकीने मुंबईहून आणल्या, एकीने मोबाईलवर घेतली. कादंबरीचं इंग्रजी सोपं आणि लांबी बेताची. शिवाय सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला.

हा सिनेमाच पहिले दोन सोमवार आमच्या आड आला. १९६५चा विजय आनंद यांचा 'गाईड' इतका डोक्यात बसलेला, की राजू म्हटलं की देव आनंदच दिसे आणि रोझी म्हटलं की वहिदा. पण पुस्तकातलं गाव उदयपूर नाही. ते मालगुडी आहे, दक्षिणेतलं, नारायण यांनी मनातून उभं केलेलं गाव, जिथे रेल्वे आल्यामुळे एका छोट्या दुकानदाराच्या मुलाचा 'रेल्वे राजू' होतो. आपल्या कथेचं सिनेमावाल्यांनी काय केलं यावर नारायण यांनी पुढे एक खरपूस लेख लिहिला. मालगुडीची साधी माणसं आणि लहानशी गल्ली पडद्यावर राजवाड्यांत आणि किल्ल्यांत गेली, हे त्यांना पटलं नव्हतं. मला सिनेमा आवडतो. पण कादंबरी वाचायची तर तो बाजूला ठेवायला लागतो, म्हणून तिसऱ्या सोमवारी गाणी गुणगुणायला बंदी घातली. पुणेकरीण तरी गुणगुणलीच.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुरुंगातून सुटलेला राजू नदीकाठच्या पडक्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलेला आहे. जायला जागा नाही. वेलन नावाचा खेडूत येतो, त्याला साधू समजतो. राजू नाही म्हणत नाही. अन्न मिळतं, आसरा मिळतो, लोक पाया पडू लागतात. मागे काय घडलं ते उलगडत जातं. तो टुरिस्ट गाईड होता, माहीत नसलेल्या गोष्टीही ठोकून द्यायचा. मार्को नावाच्या संशोधकाची बायको रोझी नाचाच्या ओढीने आणि नवऱ्याच्या उपेक्षेने त्याच्याकडे वळते. राजू तिला 'नलिनी' नावाची प्रसिद्ध नर्तकी करतो, तिच्या पैशावर मिजास करतो आणि शेवटी तिची खोटी सही करून तुरुंगात जातो. इकडे गावात दुष्काळ पडतो. एका भोळसट पोराच्या तोंडून निरोप फिरतो आणि गावाला वाटतं, पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. राजू अडकतो. बारा दिवसांचा उपास. शेवटी तो नदीत कोसळतो, डोंगरात पाऊस सुरू झाल्याचं त्याला जाणवतं. खरंच पडला का, तो मेला का, हे नारायण स्पष्ट सांगत नाहीत.

या कथेचं मूळ खरं आहे. म्हैसूरला एकदा अवर्षण झालं तेव्हा ब्राह्मणांच्या एका गटाने गुडघाभर पाण्यात उभं राहून उपास करून मंत्रजप केला, अकरा दिवस. त्यानंतर पाऊस आला. नारायण यांनी 'माय डेज' या आत्मकथनात ही आठवण सांगितली आहे. लादलेल्या साधुत्वात अडकलेल्या माणसावर लिहायचं त्यांच्या मनात होतं, त्याला या आठवणीचा आधार मिळाला. गंमत म्हणजे कादंबरी लिहिली ती म्हैसुरात नाही, अमेरिकेतल्या बर्कलेत, एका हॉटेलच्या खोलीत, १९५६च्या सुमारास. नायकाला जगवायचं की मारायचं यावर त्यांचं ठरत नव्हतं. मित्र ग्रॅहॅम ग्रीन यांनी ठामपणे सांगितलं, मरायलाच हवा. कादंबरी १९५८ साली आली आणि १९६० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, इंग्रजी पुस्तकाला. त्याच वर्षी मराठीसाठी तो पुरस्कार आमच्या कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला होता. हे सांगितल्यावर सगळ्यांत मोठा 'अय्या' मीच केला म्हणायला हरकत नाही, कारण दोन्ही पुस्तकं मी आयुष्यभर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली होती. परक्या मुलखात बसून आपल्या गावाबद्दल लिहिणं ही गोष्ट मात्र आम्हाला समजावून सांगावी लागली नाही. मडगावची ताई म्हणाली, "दूर गेल्याशिवाय गाव दिसतंच कुठे."

रोझीवर आम्ही तीन सोमवार घालवले. ही बाई एम.ए. आहे, अर्थशास्त्रात! देवदासींच्या घराण्यातली मुलगी शिकते, आणि मार्कोने दिलेल्या वधूच्या जाहिरातीत जातीची अट नाही, फक्त शिकलेली देखणी मुलगी हवी, म्हणून त्याच्याशी तिचं लग्न होतं. घर मिळतं, मान मिळतो. पण नवऱ्याला तिच्या नाचाचं नावही नको. एम.ए. झालेल्या बायका आणि रहिवासी कार्डाचा तो रकाना, यावर चर्चा इतकी रंगली की करकचे तीन राउंड झाले. बँकवालीचं म्हणणं, रोझीची चूक एवढीच की तिने हिशेब राजूच्या हातात दिला. अर्थशास्त्राची एम.ए. आणि चेकबुक दुसऱ्याकडे! मला ते पटलं नाही. रोझीला पैशाचा कंटाळा आलेला आहे, तिला नाचायचं आहे, आणि कादंबरीतलं एकमेव सरळ माणूस कोणी असेल तर तीच. राजू पकडला गेल्यावर ती त्याच्या वकिलाचा खर्च भरते आणि मग निघून जाते, स्वतःच्या बळावर नाचत राहते. राजूला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की माझ्याशिवाय हिचं चालतंय.

नंतर आलं ते सहीचं प्रकरण. मार्कोकडून वकिलाचं पत्र येतं. बँकेतली दागिन्यांची पेटी रोझीला मिळायची आहे, तिची सही हवी. राजू पत्र लपवतो. नवऱ्याच्या भलेपणाची बातमी तिला कळली तर तिचं मन परत वळेल, ही भीती. मग तिच्या अक्षरात सही करून कागद पाठवून देतो. पेटी येत नाही, पोलीस येतात. त्या सोमवारी मी हे प्रकरण मोठ्याने वाचत होते. लहान लहान वाक्यं, कुठेही आरडाओरडा नाही. राजू मनाशी जी कारणं देतो ती इतकी घरगुती आहेत की वाचणाऱ्याला वाटतं, हो बाबा, मीही असंच केलं असतं. आमच्यातली पाचवी उठून स्वयंपाकघरात गेली. पुढचे दोन सोमवार ती आली नाही.

मग एके दिवशी मॉलच्या पार्किंगमध्ये भेटली. गाडीतच बसून बोललो. तिच्या नवऱ्याची नोकरी सात महिन्यांपूर्वी गेली होती. कंपनीने काम आवरलं, माणसं कमी केली. २०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही ही सोय आहे, पण नवी नोकरीही असावी लागते ना! गावी सासू-सासऱ्यांना काही सांगितलेलं नव्हतं. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, धाकट्या नणंदेचं लग्न ठरत होतं. दर महिन्याला पैसे जात होते ते तिच्या सोन्यातून आणि साठवणीतून. व्हिडिओ कॉलच्या वेळी नवरा ऑफिसचा शर्ट घालून बसायचा. मागे पडदा, खाली घरातली विजार. "सही फक्त करायची राहिली," ती म्हणाली आणि हसली. मी शिक्षिका होते तेव्हा मुलं असं काही सांगायची तेव्हा काय बोलायचं हे मला ठाऊक असायचं. त्या दिवशी मी एसी थोडा वाढवला आणि गप्प बसले.

आखातात राहणाऱ्या वाचकांना यात आश्चर्य वाटणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने गावाला सांगितलेली एखादी तरी गोष्ट अशी असते, पडद्यासमोर शर्ट घालून सांगितलेली. घर केवढं, पगार केवढा, उन्हाळा किती. 'उन्हाळा फारसा जाणवत नाही, सगळीकडे एसी' हे वाक्य तर मी स्वतः माझ्या आईला फोनवर जून ते सप्टेंबर म्हणते, आणि तीही ते ऐकून विषय बदलते. बाहेर उन्हात काम करणाऱ्यांना सकाळी दहा ते दुपारी साडेतीन सक्तीची सुट्टी द्यावी लागते, इतका तो जाणवतो.

दसऱ्यानंतर सासूबाई आल्या, माण तालुक्यातून, तीन महिन्यांसाठी. त्या सोमवारी घरी असल्याने बैठकीत येऊन बसू लागल्या. इंग्रजी येत नाही, म्हणून मी प्रत्येक भाग मराठीत सांगायची. खरं सांगते, त्यामुळे आमचं वाचन सुधारलं. सोपं करून सांगताना कळतं की आपल्याला काय कळलेलं नाही. दुष्काळाचा भाग आला. गुरं मरतात, दुकानदार भाव वाढवतो, माणसं क्षुल्लक कारणावरून मारामारीवर येतात. आईंनी १९७२ पाहिलेला. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या. खडी फोडायला जायच्या, मजुरीवर मिलो खायचा, लाल, पोटात बसणारा. पोरांना सुकडी. गावात धोंडी काढलेली. अंगाला कडुलिंबाचा पाला बांधलेला पोरगा दारोदार हिंडायचा आणि बायका त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. "वतायला पाणी कुठलं," आई म्हणाल्या, "वाटीभर वतायचो. वाटीभर." देवळात महादेव पाण्यात कोंडायचा म्हटलं तर गाभारा भरायला आडात पाणी नव्हतं.

राजूच्या उपासाचं सांगितल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता. "आन् त्या गावाला तवा खायला काय हुतं?" मी पुस्तक चाळलं. गाव स्वतः उपाशी आहे, तरी स्वामीला नैवेद्य आणतंय, आणि आता स्वामीच खाणार नाही म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असेल. आईंना राजूचा राग आला नाही. "गडी पैल्या दिसाला लपवून खातूय म्हंजी त्यो खराच उपाशी हाय की. उपाशी नसता तर कशाला लपवून खाल्लं असतं?" पहिल्या दिवशी राजू भांड्यात लपवून ठेवलेलं उरलंसुरलं खातो, ते संपतं, मग भांडंच भिरकावतो. एम.ए.च्या माझ्या प्रतीत त्या ओळीसमोर मी 'ढोंग' असं लिहिलेलं आहे. आता तिथे दुसऱ्या शाईत 'भूक' लिहिलं आहे. दोन्ही राहू दिले.

सातारकरीण मात्र बधणारी नव्हती. तिच्या घरी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव रोजचं. २०१३च्या २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षअखेर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ती म्हणाली, बुवा कसा तयार होतो याचं याहून अचूक वर्णन मी वाचलेलं नाही. राजू चमत्कार करत नाही. तो फक्त समोरच्याचं म्हणणं खोडत नाही. दाढी वाढवतो, अर्धवट वाक्यं बोलतो, बाकीचं लोक पुरवतात. मग खास गाड्या सुटतात, चहाच्या टपऱ्या लागतात, अमेरिकन माणूस कॅमेरा घेऊन येतो. हे सगळं आपण दरवर्षी बातम्यांत बघतो. आणि शेवटी पाऊस पडल्यासारखं दाखवून लेखकाने बुवाला सोडून दिलंय, हा तिचा आक्षेप. तो बिनतोड आहे असं मला वाटतं. फक्त एक गोष्ट मी शिक्षिका म्हणून जोडली. गावच्या पोरांना संध्याकाळी देवळात शिकवायला राजू मास्तरला बसवतो. खोट्या स्वामीमुळे खरी शाळा सुरू होते. सातारकरीण म्हणाली, "तेवढं मान्य."

आणि राजू अडकतो तो स्वतःच्याच बोलण्यात, हे दुसऱ्या वाचनात दिसतं. खरा साधू कसा उपास करून, पाण्यात उभा राहून पाऊस आणतो ही गोष्ट त्यानेच एकदा वेलनला ऐटीत सांगितलेली असते. वेलन ती विसरलेला नसतो.

कादंबरीचं हृदय मला विचाराल तर एका रात्रीच्या बोलण्यात आहे. उपासातून सुटण्यासाठी राजू वेलनला सगळं सांगून टाकतो. आपण साधू नाही, कैदी होतो, कशासाठी, सगळं. रात्र सरते, कोंबडा आरवतो. आणि वेलन ऐकून घेतो आणि त्याला 'स्वामी'च म्हणतो. सत्य सांगूनही सुटका नाही! इथे ताईने कुमसार हा कोंकणी शब्द सांगितला. चर्चमध्ये पाद्रीपुढे आपलं पाप बोलून दाखवणं म्हणजे कुमसार. तिथे पाद्री ऐकून प्रायश्चित्त देतो, ते केलं की मोकळं. "वेलनने प्रायश्चित्त दिलंच नाही," ती म्हणाली, "म्हणून राजूला ते स्वतःच शोधावं लागलं." त्यानंतरच तो मनापासून उपास करायचं ठरवतो, पैसा नाही, प्रेम नाही, स्वतःचा कसलाच फायदा नसलेलं आयुष्यातलं पहिलं काम. ताई दर शुक्रवारी आमच्या घरावरूनच संकुलात जाते. इतक्या वर्षांत तिने मला कुमसार म्हणजे काय हे सांगायची वेळ आली नव्हती.

नोव्हेंबरात इथे एक गोष्ट होते, जी नारायण यांना आवडली असती. पाऊस लांबला की देशाचे अमीर 'इस्तिस्का'च्या, म्हणजे पाऊस मागण्याच्या नमाजाचं आवाहन करतात, आणि स्वतःही त्यात जातात. भल्या सकाळी देशभर ती प्रार्थना होते. कतारात वर्षाला जेमतेम ७५-८० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत एका दुपारी पडेल एवढा. तरी मागतात. की म्हणूनच मागतात. आमच्या शेजारच्या सुदानी बाईंनी मला कुंपणावरून समजावलं. आधी पश्चात्ताप करायचा, कोणाचं काही घेतलं असेल ते परत करायचं, दानधर्म करायचा, मग पाऊस मागायचा. प्रार्थनेत अंगावरचं वस्त्र उलटं करून पांघरतात, दिवस पालटू दे म्हणून. मी हे सोमवारी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय. आदी घर झाडायचं, मंग देव बसवायचा."

पाचवी त्या दिवशी आली होती. ती काहीच बोलली नाही, पण त्या आठवड्यात तिने गावी फोन केला. पडदा नाही, शर्ट नाही. नवरा शेजारी बनियनमध्ये बसलेला. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आम्हाला माहीत होतं. कसं? पूर्वी पैसे दर महिन्याच्या तीन तारखेला यायचे. एप्रिलपासून कधी अकराला, कधी वीसला, आणि कधी दोन हप्त्यांत. "तीन तारखेला पैसे न येणारा माणूस नोकरीत नसतो," एवढंच. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. मग त्यांनी नणंदेच्या लग्नाचा खर्च निम्म्यावर आणल्याचंही सांगितलं, दिवाळीच्याही आधी. हे ऐकून तिला हलकं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. तिला राग आला, सात महिने ती एकटी जागत होती आणि तिकडेही दोघं जागत होते याचा. ही गोष्ट सांगून झाल्यावर बँकवालीने तिचं सोनं किती तोळे मोडलं याचा हिशेब विचारला आणि तो कागदावर मांडून दिला. पुढच्या फेब्रुवारीत ते परत गेले. नवऱ्याला तिथेच काम मिळालं, पगार इथल्या तिसऱ्या भागाइतका. ती आता सोमवारी फोनवर असते, आवाज कधी येतो, कधी अडकतो.

तो पाऊस आला डिसेंबरात, एका रात्री, तासभर. अबू हमूरला पाऊस झेपत नाही. जमीन सपाट, पाणी जायला वाट नाही. २०१८च्या ऑक्टोबरात एकाच दिवसात दोह्यात जवळजवळ वर्षभराचा पाऊस पडला तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, ते जुने रहिवासी अजून सांगतात. यंदा तेवढा नाही, पण गल्लीत घोट्याएवढं पाणी साचलं आणि सकाळी पाणी ओढणारे टँकर आले. सासूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पाणी टँकरने आणतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. टँकरने पाणी घेऊन जातात हे पहिल्यांदा. "आरं आरं, न्यायला लागलं की," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हसत होत्या.

शेवटच्या बैठकीत आम्ही मतदान घेतलं. डोंगरात पाऊस पडला की नाही? तीन विरुद्ध दोन. पडला म्हणणाऱ्या ताई, मी आणि सासूबाई (त्यांना मताचा हक्क एकमताने दिला). पडला नाही म्हणणाऱ्या सातारकरीण आणि बँकवाली. पाचवी म्हणाली, पडला की नाही यापेक्षा वेलनला केव्हापासून माहीत होतं ते मला जाणून घ्यायचंय. हा प्रश्न मी सहा वर्षं शिकवताना एकाही मुलाने विचारला नव्हता. त्यासाठी आम्ही पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचली. वेलन पहिल्याच भेटीत राजूपेक्षा दोन पायऱ्या खाली बसतो आणि त्याच्याकडे बघतच राहतो. एवढंच सापडलं.

या गणपतीनंतर 'ययाति' घ्यायचं ठरलंय. चार प्रती कोल्हापूरहून आणायच्या आहेत. सामानाची मर्यादा तीस किलो, त्यात भाजणी, कांदा-लसूण मसाला, सासूबाईंनी घातलेली ज्वारी. पुस्तकं कोणाच्या बॅगेत जाणार यावर सध्या गटात फार गंभीर वाटाघाटी सुरू आहेत. सुट्टीवर कोणी कोल्हापूरला जाणार असेल आणि दोन किलोची जागा शिल्लक असेल, तर मंडळाच्या कार्यालयात जरूर कळवा.